नऊ एकरांत तीन जमिनी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मोहोळ आणि उत्तर सोलापूरच्या सीमेवर तुमची वडिलोपार्जित नऊ एकर जमीन आहे. वरचे चार एकर माळ, तिथे कधी नांगर लागलेला नाही. मधले तीन एकर पूर्वी ज्वारीचं रान होतं, आठ वर्षांपासून पड आहे. खालचे दोन एकर ओढ्याकाठी. कालव्याचं पाणी आल्यावर तिथे वर्षानुवर्षं ऊस केला आणि आता जमीन चोपण होऊन पांढरी पडली आहे. तुम्ही पुण्यात नोकरीला. या सगळ्या नऊ एकरांवर देशी झाडांची दहा हजार रोपं लावून दाट जंगल करायचं, पशुपक्षी परत यावेत आणि जमल्यास कार्बन क्रेडिटचे पैसेही मिळावेत, असा तुमचा विचार आहे. प्रश्न तीन: कुठली झाडं, किती अंतरावर, आणि कार्बनचे किती?

मी सोलापूर भागात बावीस वर्षं देशी रोपांची रोपवाटिका चालवते आणि लोकांच्या जमिनींवर लागवडीची कामं करते. दर मे महिन्यात असे प्रश्न येतात आणि बहुतेकांची सुरुवात झाडांच्या यादीपासून होते. मला यादीच्या आधी दुसरं काही विचारावंसं वाटतं: ही जमीन बिघडण्याआधी काय होती? तुम्ही जिला एक जमीन म्हणता त्या तीन जमिनी आहेत. तिघींचं दुखणं वेगळं आहे, आणि मला वाटतं त्यातल्या एकीला फारसं दुखणंच नाही.

ती म्हणजे वरचा माळ. तो उघडा आहे, खडकाळ आहे, उन्हाळ्यात करडा दिसतो, म्हणून त्याला पडीक म्हणायची सवय आपल्याला सरकारी कागदांनी लावली. ज्या जमिनीतून पीक आणि सारा मिळत नाही ती पडीक, असा तो हिशोब होता. पण सोलापूरचा माळ म्हणजे झाडं तोडून उघडं पडलेलं जंगल नव्हे. पाऊस साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर, वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. इथे निसर्गाने गवताचं रान केलं आणि मधूनमधून एखादा हिवर, एखादी बोर, एखादी बाभूळ ठेवली. १९७९ साली नान्नजला माळढोक अभयारण्य झालं ते माळढोक पक्ष्याच्या या गवताळ घरासाठीच. माळढोकाला चौफेर नजर जाईल अशी मोकळी जागा लागते, दाट झाडीत तो राहत नाही. आज तो पक्षी इथे दिसणं दुर्मिळ झालंय, पण धाविक, चंडोल, माळटिटवी, हिवाळ्यात येणारे भोवत्या, शिवाय काळवीट, खोकड, लांडगा ही सगळी मंडळी अजून याच उघड्या माळावर जगतात. तिथे दाट झाडी उभी केली तर जे पक्षी परत यावेत असं तुम्हाला वाटतं, त्यांचंच घर मोडेल.

ही चूक मी केलेली आहे. २००६ साली एका गावाच्या पाच एकर माळावर मी सलग समतल चर खोदून घेतले आणि पाच बाय पाच मीटरवर कडुनिंब, करंज, शिवाय लवकर हिरवं दिसावं म्हणून गिरिपुष्प हे परदेशी झाडही लावलं. तीन वर्षं लोक बघायला येत होते. २०१२ चा दुष्काळ आला तेव्हा टँकरने पाणी घालणं कुणालाच परवडेना. करंज सगळा गेला, कडुनिंब मूठभर राहिले, गिरिपुष्प मात्र तगलं. चर खोदताना पवन्या गवताची जुनी ठोंबं उपटली गेली होती, ती परत आलीच नाहीत, त्यांच्या जागी कुसळ आणि तरवड माजला. पहिल्या वर्षी आम्ही काम करत असताना चंडोल डोक्यावर गात गात उंच जायचे, पाचव्या वर्षी त्या जागेवर एकही नव्हता. आजही तिथून जाताना जिवाला लागतं. एका चांगल्या माळाचं मी नुकसान केलं, आणि तेही लोकांची शाबासकी घेत.

म्हणून माळावर काही करण्याआधी तो वाचायला शिका. पावसाळा संपता संपता, दसऱ्याच्या आसपास, गवताला तुरे आले की चालत जा. पवन्या, डोंगरी गवत, मारवेल भरपूर असेल तर माळ निरोगी आहे. नुसती कुसळी पसरली असेल तर अतिचराई झाली आहे. तरवडाला शेरडं तोंड लावत नाहीत, त्यामुळे जिथे चराई जास्त तिथे तो उरतो आणि वाढतो. गावातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला सोबत न्या. कुठलं गवत किती उंच व्हायचं, ओढ्याला कधीपर्यंत पाणी असायचं, हे त्याच्याइतकं नेमकं कुठल्याही नकाशावर मिळणार नाही.

तुमच्या चार एकरांत मी झाडं लावणार नाही. दोन पावसाळे चराई बंद ठेवा, एवढ्यानेही फरक डोळ्यांना दिसतो. जिथे माती अगदी उघडी पडली आहे तिथे उताराला आडव्या दगडांच्या छोट्या ओळी घाला आणि त्यांच्या वरच्या अंगाला पवन्या-मारवेलचं बी पावसाच्या तोंडावर टाका. बी विकत आणण्यापेक्षा शेजारच्या चांगल्या माळावरून गोळा केलेलं बरं. वेडी बाभूळ (बाहेरून आलेली, झपाट्याने पसरणारी) शिरली असेल तर ती मुळासकट काढा. नुसती छाटली की चौपट फुटते, पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर जमीन मऊ असताना खणून काढणं सोपं जातं. स्वतःहून उगवलेले हिवर-बोरी असतील त्यांना हात लावू नका. तिसऱ्या वर्षापासून बी झडून गेल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, गवत कापून न्यायला किंवा ठरलेल्या दिवसांपुरती मेंढरं चारायला द्या. अजिबात चराई नसलेला माळ काही वर्षांनी वाळक्या गवताने गुदमरतो आणि वणव्याला आमंत्रण देतो. तुमच्या जमिनीचा गट नंबर अभयारण्याच्या हद्दीत येतो का, हेही वन विभागाकडे विचारून घ्या. ही हद्द सुरुवातीला ८ हजार चौरस किलोमीटरहून मोठी होती, नंतर १,२२२ च्या आसपास आली, त्यामुळे गावातल्या लोकांच्या तोंडी माहिती बरेचदा जुनी असते.

आता मधले तीन एकर. तुमचं जंगल इथे होईल. ही जमीन नांगरामुळे आणि धुपेमुळे बिघडली आहे, म्हणजे माणसाने बिघडवली आहे, आणि इथे माळाचं जुनं गवत उरलेलं नाही. तीन ठिकाणी कंबरभर खड्डे घ्या. एका एकरात माती दोन हात खोल आणि शेजारच्या एकरात वीतभर, असं इथे नेहमी आढळतं. झाडं मातीच्या खोलीप्रमाणे लावायची, दोरी लावून सरळ रेषेत नव्हे. मुरूम लवकर लागतो तिथे हिवर, खैर, बोर, हिंगणबेट, मेढशिंगी. माती बरी आहे तिथे कडुनिंब, बाभूळ, आपटा, भोकर, पळस. मधूनमधून वड, पिंपळ, उंबर, मोजून तीन-चार, कारण पाखरं त्यांच्यावर बसली की बाकीच्यांचं बी तीच आणतात. खाली झुडपांचा थर हवा: हेंकळ, निर्गुडी, नेपती. लोक झुडपं विसरतात, आणि पक्षी घरटी बरेचदा झुडपातच करतात. चिंचेबद्दल विचारलंत म्हणून सांगते: ती मुळात आफ्रिकेतली, पण इतक्या शतकांत इथलीच झाली आहे. विहिरीजवळ सावलीला एक लावा, जंगलात नको.

रोपं लावण्याआधी जमिनीत काय जिवंत आहे ते बघा. आठ वर्षं पड असलेल्या रानात बांधाच्या कडेने पळस, बोर, बाभूळ यांचे जुने बुडखे असतात. दर वर्षी कुणीतरी छाटतं, शेरडं खातात, म्हणून ते गुडघ्याच्या वर जात नाहीत. उसाचा खोडवा जसा जुन्या मुळांवर जोरात येतो तसंच यांचं. एका बुडख्याचे दोन चांगले फुटवे ठेवून बाकीचे काढा, भोवती बोराट्या (बोरीच्या काटेरी फांद्या) लावा. तीन वर्षांत ते डोक्याच्या वर जातात, तेही थेंबभर पाणी न घालता. एका कामात मी साडेतीनशे रोपांची तयारी करून गेले होते आणि शेतात एकशे दहा बुडखे सापडले. तेव्हापासून बुडखे मोजल्याशिवाय मी रोपांची मागणी घेत नाही.

संख्येबद्दल. पाच बाय पाच मीटरने एकरी साधारण १६० झाडं बसतात. मी सोलापुरात त्याहून कमी धरते, एकरी ११० ते १२०, आणि तीही खोल मातीच्या खिशांत पुंजक्यांनी. तुमच्या दहा हजार रोपांमागे बहुधा मियावाकी पद्धतीची कल्पना आहे. तुमची दाटी एकरी अकराशेच्या आसपास येते, त्या पद्धतीत तर चौरस मीटरला तीन-चार रोपं लावतात. ती पद्धत जपानमधल्या भरपूर पावसाच्या प्रदेशात घडली. शहरातल्या शाळेच्या आवारात, नळाचं पाणी असताना, तिचा उपयोग होतो. इथे मात्र पाण्याचा हिशोब करा. सोलापुरात साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडला की एका एकरावर सुमारे २२ लाख लिटर पाणी पडतं. ऐकायला खूप वाटतं, पण त्यातलं बरंच चार-दोन वळवाच्या सरींत ओढ्याला लागतं. जे मुरतं तेवढ्यावरच झाडं जगणार, आणि मियावाकीच्या दाटीने लावलेली एकरी बारा ते सोळा हजार झाडं एकमेकांच्या तोंडचं पाणी ओढतील. वरून घालायचं म्हटलं तर: ४५० रोपांना आठवड्याला पंधरा लिटर म्हणजे ६,७५० लिटर, एखाद-दुसरा टँकर. दहा हजार रोपांना तेवढंच दिलं तर आठवड्याला दीड लाख लिटर. दुष्काळी वर्षात गावाला प्यायला टँकर येत असताना हे पाणी तुम्ही मागू शकणार नाही, आणि मागूही नये.

लागवड कधी करायची यावर आमच्यातही मतभेद आहेत. पुण्याकडची माणसं मृगात लावतात. सोलापुरात मृगाने उगवलेलं जुलै-ऑगस्टच्या खंडात होरपळतं, कारण इथला भरवशाचा पाऊस सप्टेंबरातला, उत्तरा-हस्ताचा. म्हणून तर मंगळवेढ्याची ज्वारी रब्बीत येते, जमिनीत मुरलेल्या ओलीवर. मी असं करते: बी टोकणं जूनअखेरीस, रोपं ऑगस्टच्या शेवटी ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. हाताशी विहीर असेल आणि खंडात दोन पाणी द्यायची खात्री असेल तर रोपंही जुलैतच लावावीत, मुळांना जास्त दिवस मिळतात. खड्डे आणि उताराला आडवे चर मात्र एप्रिल-मेमध्येच व्हायला हवेत, म्हणजे पहिला पाऊस वाहून जात नाही. चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल, आणि रोप चराच्या खालच्या बाजूला काढलेल्या मातीच्या कडेला. चराच्या तळात लावलेलं रोप मोठ्या पावसात गाळाखाली जातं.

बी टोकण्यावर माझा जीव आहे. पिशवीत वर्षभर वाढलेल्या रोपाचं सोटमूळ तळाला गुंडाळतं आणि पुढे आयुष्यभर तसंच राहतं. जागेवर उगवलेल्या बाभळीचं मूळ सरळ मुरमात शिरतं. बाभूळ, हिवर यांचं बी कठीण कवचाचं असतं, ते शेळ्यांच्या वाड्यातून आणा. शेळीच्या पोटातून आलेलं बी लवकर रुजतं आणि वाडेवाले ते आनंदाने देतात. निंबोळी मात्र साठवू नका, काही आठवड्यांतच तिचा जीव जातो, पडली की आठवड्याच्या आत टोका. पळसाच्या पापड्या मे-जूनमध्ये गोळा करून लगेच.

पहिली तीन वर्षं आळ्यात उसाच्या पाचटाचं किंवा ज्वारीच्या धसकटांचं आच्छादन हवंच. त्याखाली वाळवी येते म्हणून काहीजण टाळतात. मी पाचट खोडापासून वीतभर लांब ठेवते आणि आच्छादन सोडत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात नांगे भरा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावा. पहिल्या वर्षी शंभरातली तीस रोपं मेली तर खचू नका, निम्म्याहून जास्त गेली तर पुन्हा लावण्याआधी कारण शोधा.

खालच्या दोन एकरांसाठी माझ्याकडे झटपट उत्तर नाही, कारण तिथे माती परीक्षणाशिवाय बोलणं चूक ठरेल. पांढरा थर म्हणजे नुसते क्षार की सोडियमने घट्ट झालेली चोपण जमीन, हे बघून कळत नाही. सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असेल तर ती चोपण, मग पाणी मुरतच नाही, वर साचतं. आधी निचऱ्याचा चर ओढ्यापर्यंत काढायचा, नंतर अहवालाप्रमाणे जिप्सम, आणि एक-दोन पावसाळे ढेंचा (हिरवळीच्या खताचं पीक) गाडायचा. जमिनीत चुनखडी भरपूर असेल तर गंधकही चालतं, जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्या आम्लामुळे जमिनीतल्याच चुन्याचं जिप्सम बनतं. निचरा न करता जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं, सुटलेलं सोडियम जायला वाटच नसते. झाडांसाठी कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेची पद्धत मला उपयोगी पडली: ऑगरने मीटरभर खोल अरुंद भोक पाडायचं, खालचा कठीण थर फोडायचा, त्यात चांगली माती, शेणखत आणि जिप्सम भरून रोप लावायचं. बाभूळ, करंज, हिंगणबेट तिथे तगतात. ओढ्याच्या अगदी काठाला अर्जुन आणि करंज. काठावरची ही झाडी दोन एकरांचीच असली तरी जैवविविधतेसाठी बाकी सात एकरांइतकी मोलाची ठरू शकते, कारण उन्हाळ्यात सावली आणि ओल तिथेच राहते.

आता कार्बन. झाडाच्या कोरड्या वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन असतो, आणि एक टन कार्बन म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. समजा तुमची ३५० झाडं जगली आणि दहा वर्षांनी मुळांसकट सरासरी ६० किलो कोरड्या वजनाची झाली. एकूण २१ टन, त्यात दहा टनांच्या आत कार्बन, म्हणजे सुमारे ३६ टन कार्बन डायऑक्साइड. एक क्रेडिट म्हणजे एक टन. वर्षाला साडेतीन क्रेडिट! प्रकल्पाची नोंदणी आणि त्रयस्थ पडताळणी यांचा खर्चच त्यातून निघणार नाही. म्हणून कंपन्या शेकडो शेतकरी एकत्र करतात, करार दशकांचा असतो, आणि वणवा-दुष्काळाच्या जोखमीपोटी काही क्रेडिट राखीव ठेवली जातात. तुमच्याकडे आलेल्या कागदात तीन गोष्टी शोधा: करार किती वर्षांचा, झाडं मेली तर भरपाई कोणाची, आणि सातबाऱ्यावर कुठला बोजा चढतो का. हे मोघम असेल तर सही करू नका.

माळाशी याचा थेट संबंध आहे. कार्बन क्रेडिटच्या स्वेच्छा बाजारातल्या व्हेरासारख्या संस्थांच्या मानकांत नैसर्गिक परिसंस्था मोडून लागवड केलेली जमीन दहा वर्षं बाद ठरते, आणि गवताळ माळ हीसुद्धा नैसर्गिक परिसंस्था आहे. शिवाय गवताचा कार्बन बराचसा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा वरून गेला तरी तो तिथेच राहतो. दुष्काळात वाळलेलं झाड मात्र सरपणाला जातं आणि त्याचा कार्बन परत हवेत. आमच्या भागात मला गवताखालचा कार्बन जास्त भरवशाचा वाटतो.

तुम्ही पुण्याला असता हा सगळ्यात अवघड भाग आहे. तारेचं कुंपण मेंढरं अडवतं, मेंढपाळाचा राग अडवत नाही. पहिल्याच वर्षी त्या वाटेने येणाऱ्या धनगर कुटुंबांशी बसून बोला: कुठला भाग दोन वर्षं बंद, कुठली वाट मोकळी, तिसऱ्या वर्षापासून चारा कुणाला. मधल्या रानात पुंजके वाढल्यावर मोकळ्या पट्ट्यात मेंढरं बसवून घेतलीत तर खतही मिळेल. गावातल्या एका माणसाला वर्षभराची मजुरी ठरवून द्या, फक्त पावसाळ्याची नको. फेब्रुवारीआधी माळाच्या कडेने तीन मीटर रुंद जाळरेषा (वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा) त्याच्याकडून करून घ्या. झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करा. खैर, चंदन, चिंच यांसारख्या झाडांच्या तोडीला पुढे परवानगी लागते, तेव्हा लावलेली आपलीच आहेत हे कागदावर असलेलं बरं.

या मेमध्ये रोपांची मागणी नोंदवू नका. मधल्या रानात तीन खड्डे घ्या, खालच्या दोन एकरांची माती दोन खोलींवरून काढून परीक्षणाला द्या, बांधावरचे बुडखे मोजा आणि माळावर काही न करता दसऱ्याची वाट बघा. खड्ड्यांचे फोटो, मातीचा अहवाल आणि बुडख्यांचा आकडा इथेच टाका, मग ओढ्याकाठच्या रोपांची यादी आपण नेमकी करू.